आंब्याखालचा राखणदार

शमें ग्रेनिए
कार्तिक शुद्ध पंचमी, शके १७८५
इथल्या कागदांच्या हिशेबाने १६ नोव्हेंबर १८६३

जहाजबंधू भिवाजी यास राघोजीचा रामराम. सुनयनाला आशीर्वाद, मुलीला गोड पापा. आम्ही इकडे सुखरूप आहोत, तुम्हीही तिकडे असाल असं धरून चालतो.

पत्र पाहून चमकशील. साऱ्या मळ्याची पत्रं मी लिहितो, रत्नागिरीकडे कुणाची आई वारली, कुणाच्या भावाने दुसरं लग्न केलं, सगळं माझ्या हातून जातं-येतं, आणि तुला मात्र सव्वा वर्षात एक ओळ नाही. कामं असतात. अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. जहाजावर चाळीस दिवस मी तुला मोडी गिरवायला लावली तेव्हा अक्षर काढताना तुझी जीभ बाहेर यायची. अजून येते का?

इकडची खबर अशी की ऊसतोड संपत आली. मजुरांवरच्या नव्या सिरदाराचं कुणी ऐकत नाही, म्हणून मळ्याचा गोरा मालक, मिस्ये, स्वतः घोड्यावरून फिरतो आणि घसा बसेपर्यंत ओरडतो. तुझ्या भगवतीवहिनीचा गुडघा धरलाय. ती कुरकुरत बसते आणि मी तिच्यावर कुरकुरतो. आमच्या इंद्राणीचं लग्न वैशाखात झालं. सासरची माणसं क्वात्र बॉर्न गावची, मुंबईच्या बोटीतलीच. त्यांची एकच अट होती की मुलीच्या बापाचं स्वतःच्या जागेत घर हवं, मळ्याच्या चाळीतली सोयरीक नको. तेवढं देवाने पुरं केलं. तुला लग्नाचा निरोप धाडला होता, पोचला नसेल.

घर चांगलं झालंय. वर वाळ्याच्या गवताचं छप्पर, कुडाच्या भिंती, पुढे पडवी. स्वयंपाकघर पूर्वेला. कोकणातून कुणी आलं तर म्हणेल, राघोजीने बरं बांधलंय.

आता पत्राचं खरं कारण. सुइयाकचा नोतेर, म्हणजे आपल्या जमिनीचे कागद करणारा तो चष्मेवाला, घराची नोंद करायला तयार नाही. तो म्हणतो, सरकारी मोजणीदार आर्पांतेरने जागा मोजून हद्दीचा कागद केला त्यावर दोन्ही शेजाऱ्यांची सही लागते, आणि तुझी नाही. तू तेव्हा घाईने निघून गेलास, म्हणून राहिली. सोबत तो कागद ठेवलाय. फरांसी भाषेत आहे, तुला कळणार नाही, म्हणून मागच्या बाजूला मी मतलब लिहिला आहे. नेहमीचाच कागद आहे. खाली रेघ आहे तिथे सही कर आणि गाडीवाल्या देवराजच्या हाती परत पाठव.

मागचं मनात ठेवू नकोस. साखळीने मोजलं, कागदात तसं निघालं, त्यात माझा काय इलाज होता? सरकारी माणसापुढे आपलं कोण ऐकतो? तू काही विचारलेलं नाहीस, तरी सांगून ठेवतो.

मुलीचं नाव काय ठेवलं? मला कुणी सांगितलं नाही.

तुझा जहाजबंधू
राघोजी


शमें ग्रेनिए
पौष शुद्ध दशमी, शके १७८५

भिवाजीस रामराम. सुनयनाने पाठवलेलं आलं पोचलं. भगवतीने कुटून गुडघ्याला लावलं, थोडं चहात टाकलं. चंद्रकला हे नाव छान आहे.

तुझा कागदही पोचला. सही पाहिली. अक्षरं जरा उजवीकडे कलली आहेत, पण एकही चुकलेलं नाही. सोबत तू चार ओळी लिहिल्यास: "दादा, तू वाचलास म्हणजे झालं. मी वाचत बसलो नाही. सही केली आहे." हे मी पडवीत उभ्या उभ्या वाचलं आणि खाली बसलो. भगवतीला वाटलं कुणी गेलं.

कागद अजून नोतेरकडे दिलेला नाही. आधी ऊसतोडीची शेवटची गडबड होती. मग साहेबलोकांचं नवं वर्ष आलं, कचेरी बंद. मग देवराजच्या गाडीचं चाक मोडलं. सुइयाक चालत जाण्याइतकं जवळ आहे हे मला माहीत आहे, तुलाही आहे.

तू खरंच मागचा मतलब वाचला नाहीस का? वाचला असतास तरी काही कळलं नसतं म्हणा. मी लिहिलेल्या मतलबात एक ओळ कमी आहे. मूळ कागदात असं म्हटलंय की जिथे तुझं घर उभं राहत होतं, त्या जागेवर तुझा हक्क नव्हता आणि पुढेही कधी सांगणार नाहीस. ती ओळ लिहायची राहून गेली. राहून गेली असं आपलं मी म्हणतो.

देवराज सांगत होता, तुम्ही इथून गेलात तेव्हा तिकडे नुव्हेल फ्रांस गावी पोचेपर्यंत पावसाने चिंब झाला होतात, आणि सुनयना तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी गोठ्यात बाळंत झाली. तिथल्या बिहारी बायकांनी धावपळ केली म्हणून निभावलं. हे मला माहीत नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं. तिकडची थंडी मला ठाऊक आहे. दोन हंगाम मी तिथे काढलेत.

एक विचारतो. तुला आठवतं का, मी घराचा पाया खणायला घेतला त्या दिवशी पेरूच्या झुडपात एक उभा पुरलेला दगड लागला? भगवती कुदळ धरू देईना. म्हणाली, हा या जागेचा राखणदार, याला धक्का लावलात तर घराला लागेल. आपल्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो, मग या बेटावरच्या जागेला का नसावा, असं तूही म्हणालास. चुलीखाली देव ठेवायचा नाही म्हणून आपण तो वर काढला. एका बाजूने तू, दुसऱ्या बाजूने मी. वीस हात पूर्वेला आंब्याच्या सावलीत नेऊन उभा केला. तूच शेंदूर लावलास, नारळ तूच फोडलास. मग महिन्याभराने, राखणदाराच्या नजरेसमोर राहावं म्हणून, तू आपल्या घराचे खांब माझं स्वयंपाकघर आणि तो आंबा यांच्या मधल्या जागेत रोवलेस.

आठवतं ना? आठवत असेल तर लिही. आणि तो कागद तुला परत हवा असेल तर तसं लिही, मी लगेच पाठवतो. पुढे काही बोलणार नाही.

राघोजी


शमें ग्रेनिए
माघ वद्य तृतीया, शके १७८५
२५ फेब्रुवारी १८६४

भिवा,

तुझं उत्तर आलं. लिहितोस, "दगड आठवतो. दादा, कागदाचं पुढे कर, माझ्यासाठी अडून राहू नको." मला वाटलं होतं तू ओळखशील आणि चार शिव्या लिहिशील, म्हणजे मला स्वतःहून सांगावं लागणार नाही. तू माझी तेवढीही सोय केली नाहीस. आता सरळ लिहितो. हे पत्र एका बैठकीत वाच. मधे सोडलंस तर पुन्हा हाती घ्यावंसं वाटणार नाही.

तो राखणदार नव्हता. तो हद्दीचा दगड होता. आपल्या आधी बेटावरच जन्मलेल्या ज्या क्रेओल म्हाताऱ्याची ही सगळी जमीन होती, त्याच्या बापाच्या वेळी जागेचे दोन तुकडे मोजून मधे तो पुरला होता. एक तुकडा मी घेतला, एक तू. जुन्या कागदात लांबी-रुंदीचा आकडा नाही. अमक्या दगडापासून तमक्या दगडापर्यंत, एवढंच आहे. म्हणजे जिथे दगड तिथे हद्द. आणि तो आपणच दोघांनी उचलून तुझ्या जागेत वीस हात आत नेऊन ठेवला. भक्तिभावाने.

इथपर्यंत चूक होती. दोघांची होती, भगवतीचीही. त्याची मला लाज नाही. आपल्या माणसांना पुरलेला दगड दिसला की हात जोडले जातात, त्याला कोण काय करणार? लाज वाटते ती पुढची.

आदल्या वर्षीच्या श्रावणात आर्पांतेर आला तो दिवस आठव. गोरा, जाडा, नाकाला रुमाल लावून फिरणारा. बरोबर साखळी धरणारी दोन माणसं. आंब्याखाली शेंदराचा दगड बघून तो हसला. मग खिशातला चाकू काढून त्याने शेंदूर खरवडला. खाली दगडाच्या माथ्यावर फुली कोरलेली होती आणि बाजूला दोन अक्षरं. ती पाहिली त्याच क्षणी मला सगळं कळलं. त्याने मला त्यांच्या फरांसी बोलीत विचारलं, हा दगड कुणी हलवलाय का? तुला ती बोली येत नव्हती. सगळ्या मळ्यात आपल्या लोकांपैकी ती मलाच धड यायची, आणि मला त्याचा केवढा तोरा होता हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तू हात जोडून उभा होतास. त्याने देवाला चाकू लावला म्हणून घाबरला होतास.

तू मला विचारलंस, "दादा, काय म्हणतोय?"

मी म्हणालो, "विचारतोय, हा देव कुणाचा?"

तू म्हणालास, "सांग त्याला, जागेचा आहे. आपल्या आधीपासून इथं आहे."

आणि मी त्याच्याकडे वळून तुझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. आमच्या आधीपासून इथंच आहे. एक शब्द कमी केला नाही की जास्त घातला नाही. त्याने वहीत लिहून घेतलं की दोन्ही शेजारी असंच सांगतात. तुझ्याच तोंडून तुझी जागा काढून घेतली, भिवा, आणि तू मला 'बरं सांगितलंस' म्हणालास.

का केलं, हे तुला कळायला हवं. दगड जिथे निघाला होता तिथे माझं स्वयंपाकघर उभं राहिलं होतं. मी खरं बोललो असतो तर हद्दीची रेघ माझ्या चुलीवरून गेली असती आणि माझ्या घराचा तुकडा तुझ्या जागेत आला असता. क्वात्र बॉर्नचे लोक पुढच्या महिन्यात घर बघायला येणार होते. इंद्राणीला अठरावं लागलं होतं. हे सगळं माझ्या मनात एका दमात आलं, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होतो. खरं तर मला विचार करायला भरपूर वेळ होता. आर्पांतेर पेन्सिलीला टोक काढत होता.

पण त्यापुढे जे केलं ते केलं नसतं तरी चाललं असतं. नवी रेघ तुझं अख्खं घर माझ्या बाजूला टाकून गेली आणि आंब्यापलीकडे तुला नुसता ओढ्याचा उतार उरला. तेव्हा तू माझ्या पडवीत येऊन म्हणालास, "दादा, कागद तुझ्या नावाचा राहू दे, भिंती तेवढ्या राहू देत. सुनयनाला सातवा आहे." मी राहू दिल्या असत्या तर माझं काय जात होतं? मी म्हणालो, कागदात जे आहे ते आहे. असं मी का म्हणालो सांगू? तू समोर राहिला असतास तर रोज सकाळी तुला तोंड दाखवावं लागलं असतं, म्हणून. मला तुझ्या जागेचा तेवढा हव्यास नव्हता. तूच डोळ्यांसमोर नको होतास.

तू स्वतःच्या हाताने भिंती उतरवल्यास. चार खांब नेता येईनात म्हणून मागे ठेवलेस आणि म्हणालास, दादा, तुला लागतील. लागले. इंद्राणीच्या मांडवाला लावले. आणि लग्नाचा निरोप मी धाडलाच नव्हता. पहिल्या पत्रात ते खोटं लिहिलं.

भगवतीला हे सगळं गेल्या महिन्यात सांगितलं. तिने हातातलं सूप बाजूला ठेवलं. मग उठून आंब्याखाली गेली. दीड वर्ष ती रोज तिथे फूल ठेवत होती. परत येऊन म्हणाली, "मला निदान पूजा तरी थांबवायला सांगायची होतीत." त्यानंतर चार दिवस तिने माझ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची आणि पाठ करायची. पाचव्या दिवशी म्हणाली, चला, उचलू या. मी आणि तिने मिळून दगड परत आणला. दर पाच पावलांवर टेकवत. तिचा गुडघा, माझी कंबर. पेरूच्या जुन्या बुंध्यावरून मूळ जागा सापडली, ती स्वयंपाकघरात चुलीपासून दोन हातांवर आहे. जमीन उकरून तिथेच उभा केला. आता भगवती बाहेर पडवीत स्वयंपाक करते. आत जाऊन चूल पेटवायची तिची तयारी नाही.

इंद्राणी माहेरी आली होती, तिलाही सांगितलं. तिच्या सासरी कळलं तर काय होईल याची मला काळजी होती. ती म्हणाली, "भिवाकाका लग्नाला का आले नाहीत, हे मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं, बाबा." एवढंच म्हणाली. तिने मला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं.

मग सुइयाकला गेलो. आर्पांतेरला सांगितलं तर तो लालबुंद झाला. म्हणाला, खोटी साक्ष दिलीस, यासाठी तुला आत टाकता येतं. मी म्हटलं, टाका. पण मला आत टाकायचं तर स्वतःचा कागद चुकला हे त्यालाही लिहावं लागतं, म्हणून तो गप्प झाला. नोतेरची तऱ्हा निराळी. त्याला मी तुझी सही असलेला कागद दाखवला तर म्हणाला, शेजाऱ्याने मान्य केलंय, सही आहे, शिक्का मारतो, घरी जा आणि सुखाने राहा. मी म्हटलं, त्याला काय मान्य केलं ते माहीत नाही. तो म्हणाला, माझ्या कपाटातल्या निम्म्या कागदांचं तसंच आहे. भिवा, खोटा कागद एका सकाळी झाला होता. खरा करायला मला तीन खेपा घालाव्या लागल्या, आणि दर खेपेला मलाच वेडा ठरवलं.

शेवटी नोतेर तयार झाला आहे. माझा जबाब त्याने लिहून घेतलाय. दगड कुठून कुठे नेला, कोणी काय विचारलं, मी काय सांगितलं, सगळं त्यात आहे. तुला समोर उभं राहून तो ऐकावा लागेल, मग हद्द मूळ जागी धरली जाईल. १४ मार्च, सोमवार, सकाळी. देवराजला सांगून ठेवलंय, रविवारी त्याची गाडी तुझ्या दारात येईल. तुझी सही असलेला जुना कागद या पत्राबरोबर परत पाठवतोय. मी फाडायला घेतला होता, मग वाटलं, ती सही माझी नाही. तूच फाड.

नव्या कागदाने तुझी सगळी जागा तुला परत मिळेल आणि माझ्या घराचा तिसरा हिस्सा तुझ्या जमिनीवर येईल. त्याचं काय करायचं ते तू ठरव. पाडायला सांगितलंस तर मी आणि भगवती पाडू. जबाबात तसं लिहून दिलंय, मला हरकत घेता येणार नाही. भिंती राहू दे असं मी तुला म्हणणार नाही. ते बोलायचा हक्क एकदा तू वापरलास आणि मी तुझं ऐकलं नाही. क्षमाही मागत नाही. सुनयनाच्या गोठ्यातल्या तीन दिवसांची क्षमा मागायची तर ती तिच्याकडे मागायला हवी, आणि तिच्यापुढे उभं राहायचं धाडस अजून झालेलं नाही.

एक मात्र कर. माझा जबाब नोतेर फरांसीत वाचेल, आणि तू सवयीने माझ्याकडे बघशील, दादा, काय म्हणतोय म्हणून. तसं करू नकोस. नुव्हेल फ्रांसला ती बोली येणारा आपला कुणी माणूस असेल, त्याला बरोबर घेऊन ये. तो शब्द न् शब्द सांगेपर्यंत कशावरही सही करू नकोस. मी तिथे भिंतीला लागून उभा असेन आणि मला कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही.

तुझ्या जागेत बिनहक्काने राहणारा,
राघोजी